बारा मैलांच्या आत

बाबल बोलायला लागला तो महिन्याभराने. तोवर त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का बसलाय. खडपेवाडीतले लोक म्हणाले, दर्याने वाचा काढून घेतली. त्याची आई दोघांचंही ऐकून घ्यायची आणि त्याला पेज भरवत राहायची. मग एके सकाळी तो आपणहून उठला आणि रोहिणी तांडेलच्या अंगणात येऊन पायरीवर बसला. त्या दिवशी रोहिणीच्या नवऱ्याबरोबर, सदानंदबरोबर, होडीत होता तो हाच बाबल. दोघे गेले होते, एक परत आला होता.

"चाय घेतंस?" रोहिणीने दारातून विचारलं.

"घेतंय," बाबल म्हणाला, आणि रोहिणी पातेलं हातात घेऊन तशीच बाहेर आली.

रोहिणीची धाकटी बहीण चैताली ओटीवरच बसली होती. ती समुद्रातल्या आवाजांची शास्त्रज्ञ. रत्नागिरीच्या समुद्र-निरीक्षण केंद्रात नोकरीला होती आणि भावजी गेल्यापासून रजा काढून बहिणीकडे येऊन राहिली होती. घरात तिचा काही फारसा उपयोग नव्हता. मासळी साफ करायची तिची सवय मोडली होती आणि सांत्वन करणं तिला कधीच जमलं नव्हतं. पण ती होती, एवढंच रोहिणीला पुरत होतं.

बाबलने चहा संपवला आणि कपाकडे बघत सांगायला सुरुवात केली.

"धुक्यात ओंडक्यार आपटली होडी. उलटी झाली. फोन गेलो, वायरलेस गेलो. आमी दोघव उलट्या होडयेर चडलाव. एक वल्हां हाताक लागला. सदादा म्हणालो, ठोक रे फळयेर. मियां म्हटलंय, हय कोण आयकतलो? तर म्हणालो, खाली कान आसा. माझ्या मेवणीचो कान आसा तो. आयकतलो."

रोहिणी पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती. "मगे?"

"मगे काय. दुपारपर्यंत ठोकीत होताव. आळीपाळीन. तेच्या हाताची सालां गेली, तरी म्हणा होतो, ठोक, आयकतलो. मगे ओहोटीन बाहेर ओढल्यान. आणि तो घसारलो."

चैतालीला पुढचं काही ऐकू आलं नाही. कारण कानाने का ऐकलं नाही हे त्या अंगणात फक्त तिला माहीत होतं. खरं म्हणजे कानाने ऐकलं होतं. ऐकलं, ओळखलं आणि त्याच क्षणी पुसून टाकलं. त्याला तसं शिकवणारी चैतालीच होती.

*

हा कान म्हणजे काय, ते सांगायला हवं.

समुद्राच्या तळाशी काचेचे तंतू पसरलेले असतात. सगळ्या जगाच्या गप्पा आणि व्यवहार त्यांच्यातून जातात. या काचेला कितीही शुद्ध केलं तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष उरतातच. प्रकाशाचा एक ठोका तंतूत सोडला की प्रत्येक दोषावरून त्यातला किंचित प्रकाश मागे फिरतो. तो किती वेळाने परतला यावरून तो कुठून आला ते कळतं. आता तळाशी कुठे कंप झाला, वरून एखादं इंजिन गेलं, लाट उसळली, तर तंतू तिथे नखाएवढाही नाही, त्याच्याही कितीतरी लाखाव्या हिश्शाने ताणला जातो, आणि मागे फिरणाऱ्या प्रकाशाची चाल बदलते. म्हणजे निरोप वाहून नेणारी ती तारच ऐकायला लागते, दर काही हातांवर एक कान असल्यासारखी. केंद्र सरकारने कोकणच्या किनाऱ्याला असे तंतू अंथरले ते सुनामीची आणि उधाणाची आगाऊ सूचना मिळावी म्हणून. कामही चोख झालं. दोन मोठ्या उधाणांत एकही जीव गेला नाही. मच्छीमारांनी त्याला कौतुकाने 'कान' म्हणायला सुरुवात केली.

पुढे त्या कानाला वेगळीच चटक लागली. केंद्राच्या किनारा प्राधिकरणाच्या लक्षात आलं की कानाला फक्त लाटा ऐकू येत नाहीत, होड्याही येतात. प्रत्येक इंजिनचा सूर वेगळा, त्यामुळे कोण कुठे गेला, किती वेळ थांबला, कुठे जाळं टाकलं, सगळंच कळतं. मग प्राधिकरणाने काही पट्टे बंद ठरवले, आणि तिथे ज्याचं इंजिन वाजलं त्याचं अनुदानाचं डिझेल थांबलं, विमा थांबला. बर्फाचा कारखाना केंद्राच्या पैशातून चालायचा. एका सकाळी तिथल्या यंत्राने म्हाताऱ्या दाजी कुबलांना सगळ्यांसमोर नाव घेऊन परत पाठवलं. दाजींच्या टोपलीतली मासळी दारातच नरम पडली. कौतुकाचा कान त्या दिवसापासून 'दिल्लीचो कान' झाला.

मच्छीमारांची संस्था आणि राज्य सरकार मिळून न्यायालयात गेले. मुद्दा साधा होता. राज्यघटनेने कामांची वाटणी करून दिली आहे. जहाजं, दीपगृहं, मोठी बंदरं केंद्राकडे. मासेमारी राज्याकडे. मात्र किनाऱ्यापासूनचे बारा सागरी मैल संपले की त्यापुढची मासेमारी पुन्हा केंद्राकडे. मग बारा मैलांच्या आत कोणी कुठे मासे धरावेत हे केंद्र कसं ठरवणार? सरळ हुकूम काढता येत नाही म्हणून बर्फ आणि डिझेल अडवून तेच काम करून घेणार?

न्यायालयाने मच्छीमारांची बाजू मान्य केली. कान राहू दे, पण बारा मैलांच्या आत त्याने मासेमारी ऐकू नये. भूकंप, लाटा, मोठी जहाजं आणि संकटात सापडलेल्या माणसाची हाक, एवढंच त्याने ऐकावं. बाकीचं त्याने माणसाच्या हाती लागण्याआधी स्वतःच पुसावं, असं की पुन्हा कोणालाही काढता येऊ नये. या पुसण्याच्या यंत्रणेला सगळे 'गाळणी' म्हणू लागले. कुठला आवाज मासेमारीचा आणि कुठला संकटाचा, हे गाळणीला शिकवायला एक समिती बसली. राज्याच्या बाजूने त्या समितीत होती चैताली कोयंडे, खडपेवाडीच्या मच्छीमार गाबतांची पोर, आवाजांची शास्त्रज्ञ. गावाने तिचा सत्कार केला होता. सदानंदने स्वतः हार घातला होता आणि वर म्हणाला होता, "आता माझी मेवणी दिल्लीचे कान पिळतली."

*

बाबल गेल्यावर रोहिणीने कप उचलले. विसळले, पालथे घातले. मग विचारलं, "तां मशीन बंद होता काय गो त्या दिवशी?"

"बंद नव्हता, ताई."

"मगे तेचां ठोकणां आयकाक कसां नाय इलां?"

चैतालीच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. ते तिथेच राहिलं. "कोर्टान मर्यादा घातली ना," ती म्हणाली. "बारा मैलांच्या आत सगळा ऐकूची परवानगी नाय."

हे खोटं नव्हतं. पण खोट्यापेक्षा वाईट होतं, कारण ते अर्धंच खरं होतं, आणि जो भाग तिने गिळला होता त्यात तिचं नाव होतं.

रोहिणीने मान हलवली. "म्हणजे तेनी बरोबर सांगितल्यानी."

तेनी म्हणजे किनारा प्राधिकरणाचे लोक. ते दोनदा घरी येऊन गेले होते. ती मर्यादा उठवावी म्हणून प्राधिकरण पुन्हा न्यायालयात गेलं होतं, आणि त्यांना रोहिणी हवी होती. जिचा नवरा मर्यादेमुळे बुडाला अशी बाई समोर उभी राहिली की वकिलांना फार बोलावं लागत नाही. इतके दिवस रोहिणी हो-नाही करत होती.

"मियां जातंय दिल्लीक," ती म्हणाली. "आयकूदे तेंका सगळां. इंजिनां आयकूदे, जाळीं आयकूदे, माझ्या घरातली भांडी वाजतत ती पण आयकूदे. माणूस तरी वाचात. तू येशीत ना वांगडा? तुका समजता सगळा."

चैताली हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

*

त्या समितीतली ती दुपार चैताली विसरली नव्हती. विसरायचा प्रयत्न केला होता, एवढंच.

गाळणीसाठी आवाज ठरवणं चाललं होतं. इंजिनं, जाळं ओढायची कप्पी, नांगर पडल्याचा आवाज, सगळं मासेमारीत गेलं. मग चैतालीने फळी ठोकण्याचा आवाज ऐकवला. खाडीच्या तोंडाशी जाळं टाकतात आणि होडीच्या फळीवर वल्ह्याने ठोकत राहतात. त्या आवाजाने बोय मासे बिथरतात आणि जाळ्यात घुसतात. लहानपणी तिला झोपेतून जाग यायची ती या ठोकण्याने. हाही आवाज मासेमारीचा, पुसायचा, असं तिने सांगितलं.

समोर प्राधिकरणाचे रंगराजन बसले होते. हुशार माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते म्हणाले, "पण धुक्यात वगैरे अडकलेला माणूस मदतीसाठी फळी ठोकत नसेल का? हा आवाज संकटात ठेवू या. आपण सुरक्षित बाजूला राहू."

चैतालीला त्या क्षणी तिचे बाबा आठवले होते. खरोखर आठवले होते. दाट धुकं, होडीत पाच-सहा वर्षांची ती, आणि बाबा वल्ह्याने फळीवर ठोकत होते. मग दुरून दुसऱ्या होडीतून तसंच ठोकणं आलं आणि बाबा हसून म्हणाले होते, "गावलो गो." म्हणजे तिला माहीत होतं.

पण रंगराजनांचा डावही तिला दिसत होता. बोयीच्या हंगामात सबंध किनाऱ्यावर दिवसभर फळ्या वाजतात. तो आवाज संकटात धरला की कान दिवसभर उघडा राहणार. कोण, कुठे, कधी मासे धरतोय हे पुन्हा सगळं प्राधिकरणाच्या हाती. समोरच्या दाराने बाहेर काढलेला पाहुणा मागच्या दाराने आत. तिने एका पारड्यात ते धुकं टाकलं आणि दुसऱ्या पारड्यात दाजी कुबलांची नरम पडलेली मासळी, आणि म्हणाली, "नाही. आमच्याकडे फळी फक्त बोयीसाठी ठोकतात. मी तिथलीच आहे."

मी तिथलीच आहे, म्हटल्यावर रंगराजन काय बोलणार? त्यांनी मान तुकवली. चैतालीला त्या संध्याकाळी आपण जिंकलो असं वाटलं होतं. आज त्या वाटण्याची तिला इतकी लाज वाटत होती की ती आरशात बघायचं टाळत होती.

*

बाबलने ते सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चैताली त्याला घेऊन होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत गेली. खात्री करायची काहीच गरज नव्हती. गाळणीला तिनेच शिकवलं होतं. पण आपण फासाचा दोर ओढला असेल तर तो हाताने चाचपून बघावा, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

तिने रत्नागिरीच्या केंद्रात इरफानला फोन लावला. इरफान तिच्या हाताखालचा, कानाच्या पडद्यांवर नजर ठेवणारा.

"इरफान, खडपेवाडीचा भाग समोर घे. काय दिसतं ते सांग."

"घेतला, मॅडम."

तिने वल्हं उचललं आणि फळीवर ठोकलं. पाण्यावर आवाज घुमला. बाबल खाली मान घालून बसला होता. तिने पुन्हा ठोकलं, जोराने. तळहात झिणझिणले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मग मोजणं सोडून ती ठोकत राहिली.

"काही आलं?"

"नाही, मॅडम. एकदम शांत आहे. काय शोधायचंय?"

"नीट बघ."

"बघतोय. तिथे कोणीच नाहीये."

इरफानचा काहीच दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर समुद्राचा तो तुकडा निळाशार, मोकळा, सुखी दिसत असणार. चैतालीने फोन ठेवला. बाबलने तिच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "सालां जातली. पुरे." त्याला काही कळलं होतं की नाही कोण जाणे. ती होडीत ओणवी होऊन रडली, आणि बाबलने होडी वळवली.

रात्रभर विचार करून तिने सकाळी रंगराजनांना फोन केला. आपण काय सांगायला फोन केलाय हे तिला धड ठाऊक नव्हतं. रंगराजनांना मात्र ठाऊक होतं.

"मला आठवतंय," ते म्हणाले. "मी विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. मी हे कुठेही काढणार नाही, चैतालीजी. तुमच्या घरात मृत्यू झालाय. चूक माणसाची होती असं निघालं तर मर्यादा वाचेल आणि तुम्ही बुडाल. चूक मर्यादेची होती असं राहिलं तर कोणालाच त्रास नाही. तुमच्या बहिणीला भरपाईही चांगली मिळेल."

त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. खराखुरा कळवळा होता, आणि तोच जास्त भयंकर होता. तिने फक्त गप्प बसायचं होतं. तिच्या गप्प बसण्यावर सबंध किनारा दिल्लीच्या हवाली होणार होता, डिझेल, बर्फ, विम्यासकट, आणि तिच्या केसालाही धक्का लागणार नव्हता.

*

रोहिणी मागच्या पडवीत सुके बांगडे निवडत होती. चैताली तिच्यासमोर जमिनीवर बसली. मदत करायचं निमित्त म्हणून तिने एक बांगडा उचलला आणि तो हातात धरूनच सगळं सांगितलं. रंगराजनांचा प्रश्न, बाबांचं धुकं, आपण दिलेलं उत्तर. रडली नाही. रडण्याचा अधिकार आपल्याला नाही असं तिला वाटत होतं.

रोहिणीचे हात थांबले. "तुका म्हायत होता?"

"होता."

"आणि तू नाय म्हणालंस."

"हां."

"कशाक?"

"तेंका आत येवक देवचा नव्हता म्हणान. आपल्या लोकांसाठी."

"आपले लोक," रोहिणी म्हणाली. "माझो घोव कोणाच्या लोकांतलो होतो गो?"

रोहिणी पुन्हा बांगडे निवडायला लागली, चांगले एकीकडे, मोडके एकीकडे. मग म्हणाली, "आता ह्या तू कोर्टात सांगतलंस. मर्यादा वाचतली. म्हणजे खोटां बोललंस तेवा तू जिंकलंस, आणि खरां बोलशीत तेवा पण तूच जिंकतलंस. माझ्या वाट्याक काय?"

हे चैतालीच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपली कबुलीसुद्धा आपल्याच कामाची आहे, हे बहिणीने तिला पडवीत बसून दाखवलं. तिला वाटलं, आता उठून निघून जावं आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नये. पण रोहिणी अजून बोलत होती. आता तिचा आवाज निराळा लागला होता, खाली गेलेला.

"त्या दिवशी मियां दर्याच्या काठार होतंय. धुक्यात कायेक दिसत नव्हता. लांबसून फळी ठोकल्याचो आवाज येय होतो. शेजारणीक म्हटलंय, आज कोणाकतरी बोय गावले वाटता. घोवाक पण सांगूया, उद्या तू पण जा बोयींक. आणि घराक येवन भात घातलंय."

तिने हातातला बांगडा टोपलीत टाकला.

"मियां आयकलंय, चैताली. दिल्लीच्या कानान आयकलां नाय, पण मियां आयकलंय. तो परत इलो नाय तेवाच मनात इलां, तां ठोकणां तेचांच आसतला. महिनाभर झोपाक नाय. तेंनी येवन सांगितल्यानी, मर्यादेन मारल्यान, तेवा माका बरां वाटलां. म्हटलां, चला, माझो दोष नाय."

चैताली पुढे सरकली. रोहिणीने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

"नको. माका म्हायत नव्हता. तुका म्हायत होता. ह्या एक नाय."

*

दिल्लीला दोघी गेल्या, एकाच गाडीने, समोरासमोरच्या बाकांवर बसून. चैतालीने न्यायालयात सगळं सांगितलं. रंगराजन खाली बघत होते. रोहिणीला साक्ष द्यायला बोलावलं तेव्हा प्राधिकरणाचे वकील मोठ्या आशेने उभे राहिले, आणि रोहिणीने आपण किनाऱ्यावर काय ऐकलं तेच सांगितलं, घरी सांगितलं होतं तसंच, शेजारणीसकट आणि भातासकट.

न्यायमूर्तींनी चैतालीला एकच प्रश्न विचारला. बोयीसाठी ठोकलेली फळी आणि मदतीसाठी ठोकलेली फळी, यांतला फरक यंत्राला शिकवता येईल का?

"नाही," ती म्हणाली. "फळी तीच, वल्हं तेच. फरक ठोकणाऱ्याच्या मनात असतो. तिथपर्यंत तंतू पोचत नाही."

मर्यादा राहिली. फळीच्या आवाजाचं काय करायचं हे मात्र न्यायालयाने स्वतः ठरवलं नाही आणि केंद्रालाही ठरवू दिलं नाही. बारा मैलांच्या आतली मासेमारी ज्यांची आहे त्यांनीच सांगावं, असं म्हटलं. कानाने फळी ऐकायची तर नेहमीच ऐकेल, नाहीतर कधीच नाही. चैतालीवर खोटी माहिती दिल्याबद्दल चौकशी बसली आणि रत्नागिरीच्या केंद्रातलं काम काढून घेतलं गेलं. गावात कोणी तिला टाकून बोललं नाही. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

संस्थेची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. अध्यक्ष दाजी कुबल. बर्फाच्या कारखान्यातून परत आलेले तेच दाजी. पहिल्यांदा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की फळी पुसलेलीच बरी. बोयीचा हंगाम म्हणजे गावाचे चार महिने. तो आवाज दिल्लीला ऐकवला की पुन्हा तेच सुरू होणार. संकटात माणसाने दुसरं काहीतरी वाजवावं. शिटी ठेवावी जवळ.

रोहिणी बायकांच्या बाजूने उठली. "शिटी बुडता," ती म्हणाली. "फोन बुडता. होडी बुडली तरी फळी वर रवता. माणसाच्या हाताक शेवटाक फळीच लागता."

"मग बोयींचा काय?" कोणीतरी विचारलं.

"फळी ठोकूची नाय बोयींक. आजपासून नाय. जाळां टाकून गप रवा, गावले तर गावले. फळी वाजली म्हणजे माणूस बुडता, दुसरां कायेक नाय. मगे कानान आयकलां तरी तेका कळतला काय? आमी मासे धरतव ता कळूचा नाय. आणि..." ती जरा थांबली. "आणि कोण बायल दर्यार उभी आसात, तर तिका कळात."

कित्येक पिढ्या चालत आलेली रीत एका बाईने दोन वाक्यांत मोडायला सांगितली होती. दाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "चार महिने उपास काडूचे पडतले," ते म्हणाले. मग म्हणाले, "काडूया. आणि फळी वाजली की कोणाची ती ईचारूची नाय. होडी लोटूची."

चैताली मागे खांबाला टेकून बसली होती. बाहेरच्या सरकारला मर्यादा घालताना तिने एक माणूस पारड्यात टाकला होता. तिची बहीण आता आपल्याच लोकांना मर्यादा घालत होती, आणि पारड्यात टाकत होती ती स्वतःची भाकरी. चैतालीला आपण किती लहान आहोत ते त्या खांबाशी बसून नीट दिसलं.

*

गाळणी बदलल्यावर एकदा खात्री करून बघणं भाग होतं. चैतालीला आता रत्नागिरीच्या केंद्रात प्रवेश नव्हता, पण होडीत बसायला कोणाची परवानगी लागत नाही. बाबलने होडी काढली. रोहिणी आपणहून येऊन बसली. जाण्याआधी चैतालीने गावात सांगितलं होतं, आज आम्ही ठोकणार आहोत, तपासणी आहे, कोणी काळजी करू नका.

खाडीच्या तोंडाशी बाबल थांबला. इथूनच त्या दिवशी ओहोटीने त्यांना बाहेर ओढलं होतं. सकाळ स्वच्छ होती, किनाऱ्यावरच्या माडांच्या झावळ्या वेगवेगळ्या दिसत होत्या. चैतालीने फोन लावला आणि वल्ह्यासाठी हात पुढे केला. रोहिणीने वल्हं आधीच उचललं होतं.

तिने ठोकलं.

"आलं, मॅडम," इरफान लगेच म्हणाला. "अगदी स्पष्ट. जागाही बरोबर दाखवतोय."

"ताई, आयकलां तेनी. झालां."

रोहिणी थांबली नाही. ती ठोकत राहिली, एका लयीत, पाण्याकडे बघत. बाबलने तोंड फिरवलं.

"मॅडम, आवाज चालूच आहे. बचाव बोट सोडू का? तपासणी आहे ना ही?"

"थांब जरा," चैताली म्हणाली. "ठोकूदे तिला."

रोहिणीचे खांदे दमले तेव्हा तिने वल्हं चैतालीच्या पुढ्यात धरलं. तिच्याकडे बघितलं नाही. "ठोक," एवढंच म्हणाली. चैतालीने वल्हं घेतलं आणि ठोकायला सुरुवात केली. काही महिन्यांपूर्वी इथेच तिने असंच ठोकलं होतं आणि फोनवर इरफान म्हणाला होता, तिथे कोणीच नाहीये. तळहाताची जुनी जागा पुन्हा सोलवटली. तिने हात बदलला नाही.

मग बाबल उभा राहिला आणि किनाऱ्याकडे बघायला लागला. तिकडे कोणीतरी होडी पाण्यात लोटत होतं. तिच्यामागे दुसरी निघाली, मग तिसरी. सगळ्यांना तपासणी असल्याचं सांगून ठेवलेलं होतं. तरी ते निघाले होते. पहिल्या होडीत दाजी कुबल पुढे वाकून, डोळ्यांवर हात धरून शोधत होते.

रोहिणीने त्या होड्या जवळ येईपर्यंत बघितल्या.

"आता इले," ती म्हणाली.